अँटेनाच्या जागी काय आलं?

गेल्या वीस-बावीस वर्षांत जगातल्या बहुतेक मोठ्या देशांनी हवेतून येणारा टीव्ही अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर नेला. भारतानेही आपले अ‍ॅनालॉग मनोरे बंद केले. पण त्या देशांत जुना सिग्नल थांबला तेव्हा त्याच मनोऱ्यावरून नवा सिग्नल सुरू झालेला होता आणि घरावरचा तोच अँटेना तो पकडत होता. आपल्याकडे जुना थांबला, आणि बहुतेक ठिकाणी अँटेनाला पकडायला काही उरलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केलं की सुमारे ७० टक्के अ‍ॅनालॉग प्रक्षेपक आधीच बंद झाले आहेत आणि मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. त्याप्रमाणे ते झाले. एकेकाळी देशभर चौदाशेच्या आसपास प्रक्षेपक होते. एवढी मोठी सार्वजनिक यंत्रणा गेली, आणि माझ्या ओळखीच्या कित्येकांना ते आजही ठाऊक नाही.

अ‍ॅनालॉग बंद करणं योग्यच होतं. पण जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून फुकट मिळणारं डिजिटल प्रक्षेपण उभं न करता ते बंद केलं, ही धोरणाची मोठी चूक होती. ती अजूनही दुरुस्त होऊ शकते, म्हणून हे लिहितो आहे.

काय होतं आणि काय गेलं, ते आधी पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झालं आणि पुण्यातल्या कौलांवरचे, गच्च्यांवरचे अँटेने एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. ऐंशीच्या दशकात इन्सॅट उपग्रह आले तेव्हा सरकारने हुशारीची रचना केली. उपग्रहाचा सिग्नल मोठ्या डिशवर घ्यायचा आणि गावातल्या छोट्या मनोऱ्यावरून पुन्हा सोडायचा. हे लघुशक्ती प्रक्षेपक साधारण १०० वॉटचे असत आणि १५-२० किलोमीटरच्या टापूला पुरत. १९८४ मध्ये तर काही महिने दिवसाला एक प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा चालला होता. घरात डिश लागत नव्हती, गावात केबलवाला लागत नव्हता. टीव्हीचा परवाना ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाल्यावर तर टीव्ही आणि अँटेना एकदा घेतला की पुन्हा कुणाला एक पैसाही द्यावा लागत नसे. चित्र नेहमीच छान दिसायचं असं नाही. वारा सुटला की कुणीतरी गच्चीवर जायचं, खालून ओरडून सांगायचं, मुंग्या यायच्या, कधी एका माणसाची दोन माणसं दिसायची. पण मुंग्यांतूनही बातमी ऐकू यायची, आणि ती ज्याला हवी त्याला मिळायची.

या यंत्रणेत दोष होते आणि ते खरे होते. अ‍ॅनालॉगची एक वाहिनी सात-आठ मेगाहर्ट्झ जागा खाते. शेजारच्या दोन मनोऱ्यांनी तीच वारंवारता वापरली तर चित्रं एकमेकांवर चढतात, म्हणून प्रत्येक मनोऱ्याला वेगळी वारंवारता द्यावी लागते. इतकी जागा अडवून मिळायच्या फार तर दोन वाहिन्या. डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत दहा-बारा वाहिन्या बसतात, आणि जिल्ह्यातले सगळे मनोरे एकाच वारंवारतेवर ताळमेळ साधून चालवता येतात. वीज कमी लागते. दुसरं असं की केबल आणि डिश आल्यावर नुसत्या अँटेनावर टीव्ही पाहणारे फार थोडे उरले होते. त्या थोड्यांसाठी जुनाट यंत्रं चालू ठेवून विजेची बिलं भरत बसणं कोणत्याच संस्थेला परवडलं नसतं. प्रसार भारतीची ही बाजू मला पूर्ण मान्य आहे.

मात्र नेमक्या याच अडचणी इतर देशांपुढेही होत्या, आणि त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. बर्लिन शहराने २००३ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅनालॉग पूर्ण थांबवलं, आणि तिथल्या गरीब कुटुंबांना नवा बॉक्स घ्यायला मदत मिळाली. ब्रिटनने हे काम प्रदेशागणिक केलं. २००७ मध्ये व्हाइटहेवन या छोट्या गावापासून सुरुवात झाली आणि २४ ऑक्टोबर २०१२ ला उत्तर आयर्लंडमध्ये शेवट झाला. पंचाहत्तरीपुढचे लोक, अपंग, अंध यांच्यासाठी तिथे वेगळी मदत योजना होती. तिच्यात माणूस घरी येऊन बॉक्स जोडून द्यायचा, अँटेना तपासायचा आणि आजी-आजोबांना रिमोट कसा वापरायचा तेही शिकवायचा. जपानने २४ जुलै २०११ ला देशभर अ‍ॅनालॉग थांबवलं, पण मार्चमधल्या भूकंपाने आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदत दिली. ज्यांची घरंच वाहून गेली त्यांना नवा टीव्ही घ्या म्हणून सांगता येत नाही, एवढं भान त्या सरकारला होतं.

अमेरिकेची हकिकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते, कारण तिथे सारं सुरळीत पार पडलं नाही आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे. कायद्याने अ‍ॅनालॉग बंद करायची तारीख ठरली होती १७ फेब्रुवारी २००९. त्याआधी दोन गोष्टी झाल्या होत्या. १ मार्च २००७ पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या टीव्ही संचात डिजिटल ट्यूनर, म्हणजे हवेतला डिजिटल सिग्नल पकडणारा भाग, असणं बंधनकारक झालं. म्हणजे ज्याने नवा टीव्ही घेतला तो आपोआप तयार झाला. जुना टीव्ही असलेल्या घराला सरकारने ४० डॉलरची दोन कुपनं देऊ केली, ती दाखवून दुकानातून छोटा बॉक्स घ्यायचा. या योजनेसाठी दीड अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद होती, आणि तिच्यामागे हिशेब होता. टीव्हीने रिकाम्या केलेल्या लहरींचा २००८ मध्ये लिलाव झाला, त्यातून सुमारे १९ अब्ज डॉलर आले. लहरी लोकांच्या, त्या विकून आलेल्या पैशातला वाटा ज्यांचा टीव्ही बंद पडणार त्या लोकांना. तरीही जानेवारी २००९ मध्ये कुपनांचे पैसे संपले आणि लाखो अर्ज रांगेत अडकले. तेव्हा अमेरिकी काँग्रेसने वेगळा कायदा करून तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलली. काही लाख गरीब, म्हाताऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसांच्या घरात काळोखा पडदा दिसू नये म्हणून एका महासत्तेने आपलं वेळापत्रक चार महिने थांबवलं. आपण ज्या पद्धतीने हे काम उरकलं ते यापुढे ठेवून पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं.

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २५ फेब्रुवारी २०१६ ला दूरदर्शनने १६ शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. मुंबई त्यात होती, औरंगाबादही होतं. युरोपात रुळलेलं डीव्हीबी-टी२ हे चांगलं तंत्र निवडलं होतं, पाच वाहिन्या दिसत होत्या, चालत्या गाडीतही चित्र मिळत होतं. पण ते पाहायचं कशावर? भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक टीव्हींत त्याचा ट्यूनरच नव्हता. फोनवर पाहायचं तर त्याला जोडायचा वेगळा डोंगल विकत घ्यायचा, आणि तो कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात मिळायचा नाही. संचात ट्यूनर असलाच पाहिजे असा नियम कुणी केला नाही. जानेवारी २०१७ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली की हवेतल्या डिजिटल प्रक्षेपणात खासगी वाहिन्यांनाही येऊ द्यावं, म्हणजे लोकांना अँटेना लावावासा वाटेल. तीही कागदावर राहिली. प्रेक्षक नाहीत म्हणून संच नाहीत आणि संच नाहीत म्हणून प्रेक्षक नाहीत, या चक्रात एक चांगली योजना विरून गेली. ते चक्र तोडणं फक्त सरकारच्या हातात होतं. अमेरिकेने ते एका नियमाने तोडलं होतं.

मग लोक टीव्ही कशावर पाहतात? शहरांत मुख्यतः केबलवर किंवा खासगी डिशवर. २०११ च्या कायद्याने केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. पुढच्या वर्षी मुंबई-दिल्लीपासून सुरुवात होऊन पुणे, नागपूर, नाशिक आणि मग खेड्यापाड्यांपर्यंत सेटटॉप बॉक्स पोचले. ‘टीव्ही डिजिटल झाला’ असं आपण म्हणतो ते या केबलबद्दल. २०१९ च्या फेब्रुवारीत नवी दररचना आली, तेव्हा नुसत्या जोडणीसाठी महिन्याला १३० रुपये आणि वर १८ टक्के कर अशी कमाल आकारणी ठरली. २०२४ मध्ये ट्रायने ती कमाल मर्यादाही काढून टाकली. केबलवाल्याला दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक आहे, पण त्या वाहिनीपर्यंत पोचायचं तर जोडणीचे पैसे भरलेले हवेत. महिन्याला दीडशे रुपये ही रक्कम हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना जाणवणार नाही. घरकाम करणाऱ्या बाईला, उसाच्या फडावर गेलेल्या कुटुंबाला ती जाणवते. रिचार्ज संपला की त्यांच्या घरी सह्याद्री वाहिनीही बंद होते, जी त्यांच्याच कराच्या पैशांवर चालते.

इथे हमखास उत्तर मिळतं ते डीडी फ्री डिशचं, आणि ते हलकं उत्तर नाही. १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आज चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. दीड-दोन हजार रुपयांत छत्री आणि बॉक्स बसवला की महिन्याचा खर्च शून्य. मेळघाटात, गडचिरोलीत, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरही ही छत्री दिसते. सार्वजनिक प्रसारणाने गेल्या वीस वर्षांत केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे असं मी मानतो. २०२३ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या २,५३९ कोटींच्या योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागात आठ लाखांहून अधिक बॉक्स फुकट द्यायचं ठरलं, तेही योग्यच झालं.

तरीही फ्री डिश मनोऱ्याची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याची कारणं कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाहीत. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे महाराष्ट्रातून पाहिलं तर आग्नेयेकडे. छत्रीला त्या बाजूचं आकाश मोकळं हवं. मुंबईत चाळीच्या मागच्या खोलीला, दोन टॉवरांच्या मधल्या झोपडपट्टीला ते कुठून मिळणार? अनेक सोसायट्या खिडकीला छत्री लावू देत नाहीत. मनोऱ्याचा सिग्नल भिंतींतून, इमारतींवर आदळून, खिडकीतल्या छोट्या अँटेनापर्यंतही पोचतो; उपग्रहाच्या या लहरींना समोर झाडाची दाट फांदी आली तरी अडथळा होतो. पावसाचा त्रास तर त्याहून मोठा. या सेवेच्या लहरींची वारंवारता इतकी उच्च आहे की मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. आषाढात रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याच्याकडे छत्री आहे त्याला विचारा. पाऊस जोरात लागला की पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं येतं. अ‍ॅनालॉग मनोऱ्याच्या कमी वारंवारतेच्या लहरींना पावसाने फारसा फरक पडत नसे. जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपणही त्याच पट्ट्यांत चालतं, त्यामुळे त्यालाही पडणार नाही.

फ्री डिशची दुसरी अडचण पैशाची आहे. तिच्यावरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने दिल्या जातात. त्यातून प्रसार भारतीला मोठं उत्पन्न मिळतं, आणि ते मिळावंच. पण जी वाहिनी कोट्यवधी मोजू शकते तीच तिथे दिसते, आणि मोठ्या कंपन्यांना वाटेल तेव्हा त्या निघूनही जातात. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बड्या प्रसारकांनी आपल्या लोकप्रिय फुकट वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. शिवाय उपग्रहाचा झोत अख्ख्या देशावर पडतो. त्यात लातूर जिल्ह्यासाठी वेगळी, सिंधुदुर्गासाठी वेगळी वाहिनी बसवणं परवडण्यासारखं नाही. मनोऱ्याचं तसं नसतं. मोठ्या मनोऱ्याचाही टापू ५०-६० किलोमीटरचाच, त्यामुळे लातूरच्या मनोऱ्यावरून लातूरच्या बाजार समितीतला सोयाबीनचा आजचा भाव आणि वेंगुर्ल्याच्या मनोऱ्यावरून मच्छीमारांसाठी समुद्राचा अंदाज सहज देता येईल. डिजिटलमध्ये दहा-बारा वाहिन्यांची जागा असेल तर त्यातली एक जिल्ह्याची ठेवायला काय हरकत आहे? जुन्या लघुशक्ती प्रक्षेपकांनीही हे केलं नाही, ते दिल्ली-मुंबईचाच कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा सोडत राहिले. ती उणीव भरून काढायची वेळ आली तेव्हा आपण मनोरेच बंद केले.

आता क्रिकेट. विषय हलका वाटेल, पण या प्रश्नाचा कायदेशीर गाभा त्यातच आहे.

१९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने हिरो कप भरवला आणि सामने दाखवायचे हक्क परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनशी वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल ना खासगी मालकाची, तिचा वापर लोकहितासाठी आणि सार्वजनिक नियामकाच्या देखरेखीखाली व्हायला हवा. हा मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते पी. बी. सावंत. पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अखेरपर्यंत बोलत राहिलेले हे न्यायाधीश आपल्या राज्याचे, याचा मला अभिमान वाटतो. त्या निकालावर पुढची पंचवीस-तीस वर्षं भाषणं खूप झाली. लहरी लोकांच्या आहेत याचा व्यवहारातला अर्थ मात्र आपण विसरलो. लोकांच्या मालमत्तेवरून जाणारी निदान एक सेवा लोकांना पैसे न देता मिळायला हवी, असा तो अर्थ आहे.

२००७ मध्ये संसदेने आणखी एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचे हक्क खासगी कंपनीने घेतले असले तरी तिने तो सिग्नल प्रसार भारतीला द्यायचा, म्हणजे ज्यांच्याकडे केबल नाही त्यांनाही सामना पाहता येईल. कायद्यात शब्द आहेत ते प्रसार भारतीच्या जमिनीवरील प्रक्षेपणाचे आणि तिच्या स्वतःच्या डीटीएचचे, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या फ्री डिशचे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यापुढे हा सिग्नल जाणार नाही; खासगी केबल किंवा डिशवर दिसणाऱ्या दूरदर्शन वाहिनीवर तो दाखवता येणार नाही. कायद्याचे शब्द पाहता तो निकाल चुकीचा म्हणता येत नाही. संसदेने गरीब प्रेक्षकाला हक्क दिला होता तो दोन दारांनी, मनोरा आणि छत्री. त्यातलं मनोऱ्याचं दार आपण २०२२ मध्ये लावून घेतलं. आज मुंबईच्या चाळीत केबलवर सह्याद्री आणि डीडी स्पोर्ट्स पाहणाऱ्या माणसाला संसदेने दिलेला सामना कायद्याने दिसू शकत नाही, आणि छत्री लावायला त्याला आकाश नाही. गच्चीवर साधा अँटेना आणि टीव्हीत ट्यूनर असता तर दिसला असता.

क्रिकेटची गोष्ट ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी २०२० चं वर्ष आठवावं. शाळा बंद होत्या. स्मार्टफोन असलेल्या घरांत ऑनलाइन वर्ग चालले, नसलेल्या घरांत मुलं बसून राहिली. त्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली. मोठ्या कष्टाने उभं केलेलं काम होतं ते. पण आठ इयत्ता एका वाहिनीच्या दिवसात बसवायच्या होत्या; आपल्या इयत्तेचा पाठ असेल त्या वेळी वीज गेली की तो हुकला. डिजिटल मनोऱ्यावर आठ वाहिन्या आठ इयत्तांना दिल्या असत्या तर दिवसातून तीनदा तोच पाठ दाखवता आला असता. ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ ही केंद्राची कल्पना त्याच वर्षी आली, पण ती फ्री डिशवर, म्हणजे ज्याच्याकडे छत्री आहे त्याच्यासाठी.

कुणी म्हणेल, आता फोन आहे की सगळ्यांकडे. डेटा स्वस्त आहे, टीव्हीची काय गरज? मीही फोनवर बातम्या पाहतो. पण इंटरनेटवरचं चित्र प्रत्येक पाहणाऱ्याला वेगळं पाठवलं जातं. पाहणारे दुप्पट झाले की जाळ्यावरचा भार आणि खर्च दुप्पट होतो, आणि शेवटी तो रिचार्जमध्ये येतो. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, काही योजना तर जवळपास २५ टक्क्यांनी महाग झाल्या. मनोऱ्यावरून सोडलेला कार्यक्रम एकाने पाहिला काय आणि टापूतल्या पाच लाखांनी पाहिला काय, खर्च तोच. ही प्रक्षेपणाची ताकद आहे, आणि आपत्तीच्या वेळी ती जीवनमरणाची ठरते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही कोलमडले. आतल्या माणसांना बाहेर काय चाललंय कळेना आणि बाहेरच्यांना आतलं. मोबाइलचं जाळं शेकडो छोट्या टॉवरांवर उभं असतं, पुरात एकेक टॉवर पडत जातो. उंच डोंगरावरचा एक प्रक्षेपण मनोरा, त्याला जनरेटर, आणि लोकांच्या हातात बॅटरीवर चालणारा, सिमशिवाय सिग्नल पकडणारा फोन, एवढ्यावर त्या रात्री पाणी कुठपर्यंत येणार आहे हे सांगता आलं असतं. सरकारला हे समजत नाही असं नाही. २०२३ मध्ये फोनमधला एफएम रेडिओ बंद ठेवू नका असं केंद्राने उत्पादकांना कळवलं, त्यामागे आपत्तीचंच कारण होतं.

आणि आता तीच संधी दुसऱ्यांदा आली आहे. आयआयटी कानपूर आणि बंगळूरची सांख्य लॅब्ज यांनी मनोऱ्यावरून थेट फोनवर टीव्ही पाठवण्याचं तंत्र भारतात विकसित केलं आहे, त्याला डी२एम म्हणतात. बंगळूर आणि दिल्लीत त्याच्या चाचण्या झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये माहिती-प्रसारण सचिवांनी १९ शहरांत चाचण्या घेण्याचं आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्याचा विचार असल्याचं सांगितलं. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या वेव्ह्ज परिषदेत असे फोन दाखवलेही गेले. विरोधही मोठा आहे. सॅमसंग, क्वालकॉमसारख्या कंपन्यांनी २०२३ मध्ये सरकारला कळवलं की या चिपमुळे फोन ३० डॉलरने महागेल. मोबाइल कंपन्यांना हे नको आहे, कारण आज जो व्हिडिओ डेटा विकत घेऊन पाहिला जातो तो फुकट दिसू लागेल. किमतीचा आक्षेप तपासून पाहायला हवा. मोठ्या संख्येने बनली की चिप स्वस्त होते हा आपला अनुभव आहे. पण मोबाइल कंपन्यांच्या धंद्यासाठी लोकांच्या लहरींवरचा लोकांचा हक्क सोडायचा, हे मला मान्य नाही. टीव्हीने जगभर रिकाम्या केलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी आपल्या २०२२ च्या लिलावात एका कंपनीने ३९ हजार कोटींहून अधिक रुपये मोजले. एवढ्या मोलाच्या मालमत्तेतून शे-सव्वाशे मेगाहर्ट्झचा तुकडा लोकांसाठी बाजूला ठेवणं ही फार मोठी मागणी नाही.

माझी काळजी निराळी आहे. २०१६ ची चूक पुन्हा होईल. चाचण्या १९ मोठ्या शहरांत घ्यायच्या ठरल्या, जिथे फायबर आहे, फाइव्ह-जी आहे आणि कुणाला तातडीची गरज नाही. तिथे प्रेक्षक मिळाले नाहीत की योजना फसली असं जाहीर होईल. पहिले मनोरे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नंदुरबार, गडचिरोली इथे उभे करा. सह्याद्रीच्या दऱ्यांत डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉगसारखा हळूहळू विरत नाही, एका मर्यादेपर्यंत स्वच्छ येतो आणि पुढे एकदम तुटतो. म्हणून तिथे एका उंच मनोऱ्यासोबत दरीत दोन-चार लहान प्रक्षेपक लागतील. तो खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा, नंतर ‘पोच कमी पडली’ असं म्हणू नका. दूरदर्शनच्या बंद पडलेल्या केंद्रांच्या जागा, रस्ते आणि विजेच्या जोडण्या यासाठी वापरता येतील.

आणि हे फक्त फोनपुरतं ठेवू नका. चार माणसांच्या घरात एक फोन असतो आणि तो बाप कामावर घेऊन जातो. मागे राहिलेल्या आईला, आजीला, शाळकरी मुलीला भिंतीवरचा टीव्हीच आहे. २०२३ च्या जानेवारीत भारतीय मानक ब्युरोने टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्यासाठी मानक काढलं, ते चांगलं पाऊल होतं. त्याच संचात जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणाचा ट्यूनर असलाच पाहिजे असा सक्तीचा नियम, पुरेशी आधी जाहीर केलेली तारीख देऊन, आता करायला हवा. एसटी जशी तोट्यातल्या मार्गावरही जाते तसा हा सिग्नल तोट्यातल्या दरीतही गेला पाहिजे, आणि त्याचे पैसे लहरींच्या लिलावातून येणाऱ्या रकमेतून राखून ठेवता येतील. २००७ च्या खेळ कायद्यातही दुरुस्ती हवी, म्हणजे हवेतून थेट फोनवर किंवा टीव्हीवर येणारं हे नवं प्रक्षेपण त्याच्या व्याख्येत निःसंदिग्धपणे बसेल आणि उद्या पुन्हा शब्दांवरून न्यायालयात जावं लागणार नाही. जी कंपनी हे मनोरे चालवेल तिच्या परवान्यात पहिली अट ही असावी की सह्याद्री, शालेय वाहिन्या, जिल्ह्याची वाहिनी आणि आपत्तीची सूचना या चार गोष्टी सिमशिवाय, रिचार्जशिवाय, नाव-नंबर न विचारता दिसल्या पाहिजेत; बाकी जागेत तिने काय विकायचं ते तिने ठरवावं.